गोष्टींतून गणित शिकविणारे भास्कराचार्य



आपल्या बीड जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांत, नायगांव येथें मोरांचें अभयारण्य आहे. पावसाळ्याच्या तोंडीं तेथील डोंगरांत मोरांचे टाहो ज्यांनीं ऐकले असतील, त्यांस पुढील प्रसंग डोळ्यांपुढें आणण्यास मुळींच प्रयास पडूं नयेत. नऊ हात उंचीच्या एका खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ आहे. बिळापासून सत्तावीस हातांवर मोराला साप दिसतो. साप बिळाकडे सरपटूं लागतो आणि त्याच क्षणीं मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघेही सारखेंच अंतर तोडतात. तर मोरानें सापाला बिळापासून किती हातांवर गांठलें?

हा प्रश्न आपल्या गणिताच्या शिक्षकांनीं रचलेला नव्हे. तो सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वींचा आहे, आणि ज्यांनीं तो घातला ते पुरुष ग्रहांचें गणित करणारे त्या काळचे अग्रगण्य ज्योतिषी होते. त्यांचें नांव भास्कराचार्य. उत्तर पुढें दिलें आहे. परंतु ज्यांना हिंमत असेल त्यांनीं येथेंच थांबून पाटी घ्यावी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ त, झाला. हें वर्ष त्यांनीं स्वतःच आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविलें आहे. आपल्या इकडील जुन्या ग्रंथकारांत ही संवय फारशी आढळत नाहीं, म्हणून त्यांचे विशेष आभार मानले पाहिजेत. आपल्या गांवाचेंही वर्णन त्यांनीं केलें आहे. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेलें, विद्वानांनीं व सज्जनांनीं गजबजलेलें असें तें गांव होतें आणि त्याचें नांव विज्जलवीड. आतां हें विज्जलवीड कोणतें, यावर मात्र पंडितांचें आजवर एकमत झालेलें नाहीं. नांवाच्या शेवटच्या अक्षरांवरून कांहींनीं तें आपलेंच बीड असें म्हटलें. आपल्या जिल्ह्यांतून गेलेले बालाघाटचे डोंगर ही सह्याद्रीचीच एक शाखा होय, हेंही त्यांच्या बाजूला आहे. कोणी विजापूर म्हणतात; अकबराच्या दरबारांतील फैजीनें बेदर म्हटलें; आणि पुष्कळांचा कल जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ जें पाटण आहे त्याच्या आसपासच्या प्रदेशाकडे आहे. पाटणास त्यांच्या वंशजांचा एक मोठा शिलालेख सांपडला आहे. त्याविषयीं पुढें सांगावयाचें आहेच. बीडकरांस हा मान मिळाला तर कोणाला नको आहे? परंतु नुसत्या नामसादृश्यापेक्षां दगडावर कोरलेला लेख वजनदार, हें आपण कबूल केलें पाहिजे. ज्या पुरुषानें मुलांस प्रत्येक उत्तर ताडून पाहावयास लाविलें, त्याच्या जन्मगांवाविषयीं आपण पुराव्याच्या पुढें धांवणें बरें दिसणार नाहीं.

घराणें शांडिल्य गोत्री, आणि विद्या त्यांत पिढीजात. शिलालेखांत वंशावळ दिली आहे ती अशी: त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. यांतील भास्करभट्टांस भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी, आणि भास्कराचार्यांचे गुरुही तेच. बाप हाच पंतोजी असला म्हणजे मुलाचें बालपण कसें जातें, हें आपल्यापैकीं शिक्षकांच्या घरच्या मुलांस वेगळें सांगावयास नको. परंतु हा मुलगा त्या शिक्षणानें गणिताला कंटाळला नाहीं, उलट तें आपणही कोणाला तरी शिकवावें असें त्याला वाटूं लागलें, यावरून महेश्वरांच्या हातोटीची कल्पना येते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. ११५० त, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा आपला प्रधान ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. पहिला लीलावती, त्यांत अंकगणित व क्षेत्रांचें गणित, दुसरा बीजगणित, तिसरा ग्रहगणित आणि चवथा गोलाध्याय. शेवटच्या दोन भागांत आकाशाचा हिशेब आहे, आणि पृथ्वी जड वस्तूंस आपल्या शक्तीनें आपल्याकडे ओढते, असा विचारही गोलाध्यायांत आला आहे. ज्योतिषी या नात्यानें त्यांची कीर्ति या भागांवर उभी आहे. तथापि भारतांतील पाठशाळांतून पिढ्यानपिढ्या ज्याचें पठण झालें तें पुस्तक म्हणजे लीलावती, आणि आपल्यालाही आज तिच्याकडेच पाहावयाचें आहे.

लीलावती उघडली कीं आरंभीं कोष्टकें येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग सोनें जोखण्याचीं मापें, जमीन मोजण्याचीं मापें, धान्याचीं मापें. आपल्या आजोबा-पणजोबांनीं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी जशी ओरडून पाठ केली, तशीच ही पाठ करावयाची. येथपर्यंत नवल कांहींच नाहीं. परंतु गणिताच्या रीति संपून उदाहरणें सुरू झालीं कीं पुस्तकाचा सगळा नूरच पालटतो.

भुंग्यांचा एक थवा आहे. त्यांतला पांचवा हिस्सा कदंबाच्या फुलावर बसला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोहोंमधील अंतराच्या तिप्पट कुड्याच्या फुलांकडे गेले. आणि एक बिचारा केतकी व मालती या दोहोंच्या वासानें वेडा होऊन मध्येंच घिरट्या घालीत राहिला. तर भुंगे एकंदर किती? पंधरा. दुसरीकडे सरोवरांतील हंसांचा कळप मेघ दाटून आल्याबरोबर उडतो; कळपाच्या वर्गमूळाच्या दसपट मानससरोवराकडे जातात, आठवा हिस्सा स्थलकमळांच्या वनाकडे, आणि तीन जोड्या पाण्यांतच खेळत राहतात. हंस एकशें चव्वेचाळीस. एक यात्रेकरू घरून पैसे घेऊन निघतो. अर्धे प्रयागास देतो, उरलेल्यांचे दोन नवमांश काशीस, मग उरलेल्यांचा चवथा हिस्सा वाटेंतील जकातीस, त्यानंतर उरलेल्यांचे सहा दशांश गयेस, आणि त्रेसष्ट निष्क घेऊन परत येतो. घरून निघाला तेव्हां त्याच्याजवळ पांचशें चाळीस होते. रणांगणावर अर्जुन रागावून कर्णावर बाण सोडतो. अर्ध्यांनीं कर्णाचे बाण तोडतो, सर्व बाणांच्या वर्गमूळाच्या चौपटीनें घोडे रोखतो, सहांनीं शल्याला, तिहींनीं छत्र, ध्वज व धनुष्य आणि एकानें कर्णाचें मस्तक. बाण शंभर. महाभारत ज्या मुलानें आजीच्या मांडीवर ऐकलें होतें, त्याला या उदाहरणांत वर्गसमीकरण आहे हें कोणी सांगितलें नाहीं तर कळणारही नाहीं.

अशा गोष्टी भास्कराचार्यांनींच प्रथम रचल्या असें मात्र नव्हे. त्यांच्या आधीं तीनशें वर्षें राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळीं महावीराचार्यांनीं आपल्या गणितसारसंग्रहांत हंस, मोर, भुंगे यांस कामाला लाविलें होतें. परंतु लीलावतींत या वस्तूंची निवड इतकी नेमकी आहे, कीं गोष्ट व गणित यांस सांधा म्हणून दिसत नाहीं.

येथें थोडें थांबून एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. रामाजवळ पांच आंबे होते, दोन खाल्ले, किती उरले, असेंही एक गोष्टीचें गणित आहे. त्यांतून राम काढा, आंबे काढा, गणिताला कांहीं होत नाहीं. गोष्ट वरून चिकटविलेली होती, ती निघून आली. आतां मोर आणि साप घ्या. त्यांतून मोर व साप काढून टाका. मागें काय उरलें? नऊ आणि सत्तावीस. या दोन आंकड्यांचें करावयाचें काय, हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. मोराची झेप आणि सापाचें सरपटणें सारखें, हें सांगतें कोण? गोष्ट. झेप तिरपी, म्हणून खांब, जमीन आणि झेप मिळून काटकोन त्रिकोण होतो, हें दाखवितें कोण? गोष्टच. मुलानें डोळे मिटून प्रसंग पाहिला कीं आकृति आपोआप मनांत काढली जाते, आणि समीकरण निम्में अधिक मांडून होतें.

रीत अशी. खांबाच्या उंचीचा वर्ग करा, ८१. त्याला साप व बीळ यांमधील अंतरानें, म्हणजे २७ नें, भागा, ३ आले. ते २७ मधून वजा करा, २४ उरले. त्याचें अर्ध १२. मोरानें सापाला बिळापासून बारा हातांवर गांठलें. ताळा पाहावयाचा असल्यास नऊ व बारा या भुजांचा कर्ण पंधरा. आणि सापही सत्तावीस वजा बारा म्हणजे पंधराच हात सरपटला.

याच जातीचें आणखी एक उदाहरण मला स्वतःला सर्वांत आवडतें. तळ्यांत एक कमळ आहे. त्याची कळी पाण्याच्या वर अर्धा हात दिसते. वाऱ्यानें हळूहळू कलत कलत तें कमळ मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यांत बुडतें. तर तेथें पाणी किती खोल? तळ्यांत कोणी उतरावयाचें नाहीं, काठी घालावयाची नाहीं. कांठावर बसून नुसतें पाहावयाचें. देठाची लांबी म्हणजे पाण्याची खोली आणि वर अर्धा हात. देठ कलला तरी लांबी तीच राहते आणि तोच कर्ण होतो. दोनाचा वर्ग चार. चाराला अर्ध्यानें भागलें, आठ. त्यांतून अर्धा वजा केला, साडेसात. त्याचें अर्ध पावणेचार. पाणी पावणेचार हात. बीड जिल्ह्यांतील पाझरतलावांवर उन्हाळ्याच्या अखेरीस कमळें कितीशी दिसतात हा भाग निराळा. पण पाण्याची खोली ही आपल्याकडे कवीच्या चिंतेची बाब नसून शेतकऱ्याच्या चिंतेची आहे, आणि म्हणून हें उदाहरण येथील मुलांच्या मनाला लौकर भिडावें.

आतां लीलावती ही कोण, याविषयीं. फैजीनें अकबराच्या आज्ञेवरून इ. स. १५८७ त या पुस्तकाचें फारसींत भाषांतर केलें, त्याच्या प्रस्तावनेंत एक कथा आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेवरून पित्यास कळलें कीं तिचें लग्न होण्याचा योग नाहीं. एकच घटका अशी कीं ती साधली तर अरिष्ट टळेल. घटिकापात्र पाण्यांत सोडलें. मुलगी कुतूहलानें त्यांत डोकावली, तेव्हां तिच्या वस्त्रावरील एक मोतीं निसटून पात्रांत पडलें आणि त्यानें पात्राचें छिद्र बुजलें. पाणी आंत येईना, घटका भरेना, आणि मुहूर्त निघून गेला. मग दुःखी पित्यानें तिच्या नांवानें चिरकाल टिकणारें पुस्तक लिहिलें.

कथा मनाला चटका लावणारी आहे खरी. तरी ती चार शतकांहून अधिक काळानंतरची आहे, आणि भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिचा मागमूसही नाहीं. पुस्तकांत कोठें बुद्धिमती बाला लीलावती हिला हांक आहे, कोठें मित्राला, कोठें वाण्याला. प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं पुस्तकाचा सूर शोक करणाऱ्या बापाचा मुळींच नाहीं. पुढें काय विचारूं या उत्साहानें ज्याचे डोळे चमकताहेत अशा शिक्षकाचा तो आहे. लीलावती मुलगी असो वा कल्पना असो, बाराव्या शतकांतल्या एका पंडितानें बुद्धिमती मुलगी समोर बसली आहे असें धरून गणित लिहिलें, एवढें तर पुस्तकावरूनच सिद्ध होतें. तेवढेंही थोडें नाहीं.

परंतु त्याच पुस्तकांत व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणीं विकत घेतलेल्या स्त्रीचें वय वाढलें म्हणजे किंमत किती उतरते असा हिशेब आहे, आणि त्याच्या जोडीला लगेच बैलाचा. हें उदाहरण वाचतांना आज आपल्याला लाज वाटते आणि वाटली पाहिजे. मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींत त्या काळच्या समाजाचें चांगलें तसें वाईटही न कळत उतरतें. बालबुद्धि तें हिशेबाबरोबर गिळून टाकते. थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना हें झांकून ठेवणें मला योग्य वाटत नाहीं.

बीजगणितांत त्यांनीं याच पद्धतीचा आणखी सूक्ष्म उपयोग केला आहे. माकडांच्या कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग रानांत खेळत आहे आणि बारा माकडें टेकडीवर ओरडत आहेत, एकंदर किती? येथें दोन उत्तरें येतात, अठ्ठेचाळीस आणि सोळा. दोन्हीं बरोबर. नंतर दुसरा कळप येतो. कळपाच्या पांचव्या हिश्शांतून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकीं माकडें गुहेंत गेलीं आणि एक झाडावर दिसतें. पुन्हां दोन उत्तरें: पन्नास आणि पांच. आंकड्यांच्या दृष्टीनें दोन्हीं बसतात. पण कळप पांचाचा धरला तर त्याचा पांचवा हिस्सा एक. एकांतून तीन माकडें वजा कशीं करणार? म्हणून भास्कराचार्य दुसरें उत्तर टाकून देतात. अशी ऋण संख्या लोकांस पटत नाहीं, हें त्यांचें कारण. हा धडा फार मोलाचा आहे. परीक्षेंत समीकरण सोडवून दोन्हीं उत्तरें लिहून मोकळे होणारे विद्यार्थी पुष्कळ. उत्तर घेऊन गोष्टीकडे परत जाणारे थोडे. वरची झेप साधेल तेथें भास्कराचार्य कोणालाही हार जाणारे नव्हते. एका वर्गसंख्येला ६१ नें गुणून एक मिळविला असतां पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या त्यांनीं चक्रवाल पद्धतीनें काढून दाखविली. ती नऊ अंकी आहे, २२६१५३९८०. हाच प्रश्न फ्रान्समधील गणिती फर्मा यानें इ. स. १६५७ त युरोपांतील विद्वानांपुढें आव्हान म्हणून टाकला.

त्यांच्या पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे. रीति सगळ्या सूत्रासारख्या आंखूड श्लोकांत बांधलेल्या आहेत. उत्तर कसें काढावें तें सांगितलें आहे, पण तसेंच कां काढावें याचा उलगडा तेथें क्वचितच मिळतो. तो गुरूच्या तोंडून ऐकावयाचा. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं इ. स. १५४५ त बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, तेव्हां पुष्कळ रीतींच्या उपपत्ति लेखी स्वरूपांत आल्या. शिवाय भाषा संस्कृत. भास्कराचार्य वृद्ध झाले होते त्या सुमारास, परंपरेप्रमाणें शके १११० मध्यें, आपल्या अंबेजोगाईस मुकुंदराजांनीं विवेकसिंधु मराठींत लिहिला. वेदांतासारखा विषय मराठींत आला. मोर आणि साप मात्र संस्कृतांतच राहिले, आणि ज्यांच्या शेतांत मोर व साप रोज दिसत त्या मुलांपर्यंत ते पोहोंचले नाहींत.

बाहेर मात्र ते दूरवर गेले. फैजीच्या फारसी भाषांतरानंतर इ. स. १८१६ त मुंबईस जॉन टेलर यांनीं लीलावतीचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें आणि पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें कोलब्रुक यांचें निघालें. भारतानें इ. स. १९७९ त अवकाशांत सोडलेल्या एका उपग्रहास भास्कर हें नांव दिलें. इ. स. २०१० त जगांतील गणितज्ञांची परिषद हैदराबादेस भरली होती. सामान्य जनांस गणिताची गोडी लावणाऱ्यासाठीं तेथें एक पारितोषिक प्रथम देण्यांत आलें, त्याचें नांव लीलावती. ज्योतिषी भास्कराचार्यांच्या नांवानें उपग्रह, आणि शिक्षक भास्कराचार्यांच्या पुस्तकाच्या नांवानें पारितोषिक, ही वांटणी मोठी समर्पक झाली आहे. गोष्टीचें पुस्तक मुलाच्या हातून हिसकावून त्या जागीं अंकगणिताचें देणारे जे पालक हा अंक वाचतील, त्यांनीं या पारितोषिकाची आठवण ठेवावी.

आतां आचार्यांच्या उत्तर आयुष्याकडे वळूं. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, इ. स. ११८३ त, त्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांगाचें गणित थोडक्या श्रमांत व्हावें एवढाच त्याचा हेतु; म्हणजे म्हातारपणींही दुसऱ्याचें काम सोपें करण्याचा त्यांचा छंद सुटला नव्हता. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांची विद्वत्ता पाहून देवगिरीच्या यादव राजा जैत्रपालानें त्यांस आपल्या पदरीं नेलें. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. या नातवानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथें एक मठ स्थापन केला, आणि त्या प्रदेशाचे निकुंभ घराण्यांतील अधिपति सोइदेव व त्यांचे बंधु हेमाडिदेव यांनीं त्यास दानें दिलीं.

हें सर्व त्या पाटणच्या शिलालेखांत आहे. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा. तेथील भवानीच्या देवळांतील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला व इ. स. १८६५ त त्याविषयीं लिहिलें. लेखांतील वंशावळ व स्तुति संस्कृतांत आहे. पुढें मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था येते, आणि तेथें लेख एकदम मराठींत बोलूं लागतो. कारण हा भाग राजे आणि पंडित यांच्यासाठीं नव्हता, पेठेंतल्या माणसांस तो कळावयास हवा होता. पाटणच्या बाजारीं जो माल येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून सरकारास जें येणें होतें तें मठाला द्यावयाचें ठरलें. आणि गांवांत जितके घाणे चालत असतील तितक्यांनीं, घाण्यामागें एक एक पळी तेल द्यावयाचें.